अव्वाचा पावटा

२४ नोव्हेंबर १९७४, सातारा

आज बाजारात अव्वाचा पावटा दिसला.

पिशवी हातातून सुटली, कांदे रस्त्यावर. एका बाईच्या पाटीत होता. हिरव्या शेंगा आणि काठाला जांभळी रेघ, लुगड्याला असते तशी. एक शेंग फोडून बघितली. बाई ओरडली, "आवं आज्जा, इकत घ्यायच्यात का नुसत्या फोडायच्यात?" आत तांबूस दाणा, एका कडेला पांढरी किनार. तोच.

आईला मी अव्वा म्हणायचो. ती गेली तेव्हा मी सहा-सात वर्षांचा असेन. त्यानंतर साधा पावटा पुष्कळ खाल्ला. हा कुठं दिसला नाही.

बाईला विचारलं, कुठला? म्हणाली, "माझ्या मावससासूच्या कुंपनावरचा. गौराक्का म्हणत्यात तिला. मिरजंजवळ माळेवाडीला. दुसऱ्या कुनाकडं न्हाई ह्यो, सांगून ठिवते."

माळेवाडी! माझी निम्मी नोकरी माळेवाडीच्या रेल्वे फाटकावर गेली. गाडी आली की फाटक लाव, गेली की उघड. गावात कधी गेलो नाही. फाटक सोडून जायचं कसं? मागं गाडी आली तर?

सून सुनंदानं उसळ केली. दोनदा घेतली. चव तीच, का माझंच मन तसं म्हणतंय... आता पोट फुगलंय. पावटा बाधतो मला. ओवा खाल्ला.

२६ नोव्हेंबर

दोन दिवस एकच विचार. अव्वाचं नाव काय?

म्हाळाला दर वर्षी 'लक्ष्मी' सांगतो आणि पान वाढतो. पण लक्ष्मी हे आमच्या घरानं लग्नात ठेवलेलं नाव. त्याआधी ती कोण होती? तिची आई तिला काय म्हणून हाक मारायची? मला माहीत नाही. माहीत असलेलं कुणी आहे का, तेही माहीत नाही.

बापाकडच्या पिढ्या मला पाठ. हेळवी यायचा बैलावर बसून, वही काढायचा, पणजा, खापरपणजा, त्याचा बाप, सगळे म्हणून दाखवायचा आणि धान्य घेऊन जायचा. आम्ही पोरं पुढं बसून ऐकायचो. आमच्याकडं येणाऱ्या हेळव्याच्या वहीत बायका नव्हत्या. मीही कधी विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हेही कुणी सांगितलं नाही.

बहीण नव्हती. भाऊ गेला. आता मी डोळे मिटले की अव्वाला विचारणारं माणूस संपलं. एवढं एक कळावं. दुसरं काही नको.

छातीत धडधडतंय. सुनंदा म्हणते, "मामंजी, चहा कमी करा." चहाचा काय संबंध!

१ डिसेंबर, उंब्रज

सकाळच्या एस.टी.नं आलो. बसायला जागा मिळाली, पण खिडकी लागत नव्हती. कान बांधून बसलो.

कोंडाकाकू म्हणजे अव्वाची धाकटी जाऊ, दोघींची लग्नं एकाच मांडवात. तेवढी एकच आता त्या वेळची. डोळ्यांनी दिसत नाही, पण माझा खोकला ओळखला. "आलास व्हय रं? अजून तसाच खोकतुयास."

अव्वाचं विचारलं. उन्हात बसून बराच वेळ बोलली. जेवढं आठवतंय तेवढं लिहितो.

"लक्षीमवैनी मिरजंकडच्या. बोलण्यात कानडी हेल. म्हणून तर तू अव्वा म्हणायचास, आमची समदी पोरं आई म्हणायची. लग्नात आल्या तवा ओटीतनं पावट्याचं बी आणलं हुतं. सासू म्हणाली, आमच्यात काय पावटा न्हाई का? तर म्हणल्या, असंल की. ह्यो माझ्या आईचा हाय. आन् कुंपनाला लावला. सासूम्होरं असं बोलताना मी त्यास्नी एकदाच बघितलं."

मग साथ आली. त्यात अव्वा गेली.

मी विचारलं, "बी कुणी ठेवलं नाही?"

"पोरगी असती तर तिनं ठिवलं असतं. तुमी दोघं पोरं. पोरांस्नी काय करायचं बी?"

माहेरचं नाव? काकू हसली. "सासरी आल्यावर ते नाव कोण घेतंय? मला माझंच आठवाय येळ लागतो." थांबली. मग म्हणाली, "ठकू. माझं ठकू हुतं. कितीक वर्सांत कुणी विचारलं न्हाई बघ." आणि पदर तोंडाला लावला. एवढी म्हातारी, पण लाजली.

मी इतकी वर्षं काकू काकू म्हणतोय. मला आज कळलं.

८ डिसेंबर, माळेवाडी

गेलो एकदाचा. मिरजेला उतरून बैलगाडीनं. फाटकावर दुसरा माणूस आहे, वेळेवर उघडत नाही. बोलणार होतो, नाही बोललो.

गौराक्काचं घर लांबून कळतं. कुंपणच तसं आहे. चारी बाजूनं वेल. मी नुसता बघत उभा राहिलो, तर आतून आवाज, "कोण रं त्यो? शेळ्याबिळ्या आत घालशील!"

गौराक्का माझ्यापेक्षा मोठी, ऐंशीला आली असेल. कंबरेत वाकलेली, पण आवाज मोठा. मी सगळं सांगितलं: बाजारात शेंगा बघितल्या, आई मिरजेकडची, अव्वा म्हणायचो. पुरावा काय माझ्याजवळ? काहीच नाही.

तिनं विचारलं, "तुझी आय पावटा सोलायची कशी?"

मला आठवलं. कसं आठवलं देव जाणे. भिजवलेला दाणा चिमटीत धरून दाबायची, दाणा उडून माझ्या कपाळावर लागायचा, आणि ती म्हणायची, लागला! मुद्दाम नेम धरायची. आणि पहिली शेंग कुणाला खाऊ द्यायची नाही. उंबऱ्यावर ठेवायची, तिथंच सुकायची. आम्ही तिला ओलांडून जायचो.

गौराक्कानं बोटानं उंबरा दाखवला. तिथं एक शेंग होती, सुकलेली.

मग म्हणाली, "माझी आय आन् तुझी आय सख्ख्या भैनी. माझ्या आयला जवळच दिली, तुझीला घाटाकडं. ती गेल्याचं कळलं, पर पोरं जगली का मेली कुणी सांगितलं न्हाई." आणि मग एकदम, "तू काय करत हुतास म्हणालास? फाटकावर? त्यो मेला फाटकवाला तू? आरं, लय शिव्या घातल्यात मी तुला! गाडी दिसायच्या आदी फाटक लावून बसायचास. उन्हात बैलं उभी!"

सुना हसायला लागल्या. मीही हसलो. इतकी वर्षं माझ्या बहिणीनं मला शिव्या दिल्या आणि मला माहीत नव्हतं.

(राहिलेलं उद्या लिहितो. हात दुखतोय.)

९ डिसेंबर, सातारा

कालचं पुढं.

जेवायला पावट्याची आमटी, भाकरी. मग कुंपण दाखवलं. मला वाटत होतं वेल म्हणजे वेल. तसं नाही. "ह्यो दोडका थोरल्या सुनंचा, अथनीकडचा. ही दुधी मधलीच्या आयची. धाकटीनं कारलं आणलंय, कडू हाय, तिच्यासारखंच." धाकटी आतून म्हणाली, "आत्या, ऐकू येतंय!" घरात बाई आली की तिच्या आईचं बी कुंपणाला येतं. कुंपण बघितलं की घरात कोण कुठून आलं ते कळतं. मी गावोगाव कुंपणं बघत आलो, मला हे कधी दिसलं नाही.

दुष्काळात विहीर आटली. गौराक्का तोंड धुतलेलं पाणी एका वेलाला घालायची. घरात रेशनची सरकारी मिलो ज्वारी खात होते. राखेच्या मडक्यात बी होतं. सुना म्हणाल्या, शिजवू या. हिनं मडक्यावर झोपायचं सुरू केलं. हे सुनांनीच सांगितलं, तक्रार म्हणून नाही.

आता माझी चूक. मी म्हणालो, अक्का, मला थोडं बी द्या. आणि खांद्यावरचा पंचा पसरला.

सगळ्यांना असं हसू फुटलं की म्हैस बिचकली. थोरली म्हणाली, "बाप्याच्या ओटीत बी! आता पाळणा बी ह्यांनाच हालवाय द्या!" कान तापले माझे. गौराक्काही हसली, मग डोळे पुसून म्हणाली, "तुला काय ठावं, दादा. ह्ये आय लेकीला देती. लेक नांदाय निघाली की ओटीत. आन् देताना नावं घ्यायची. कुणाच्या हातनं कुणाच्या हातात आलं. समद्यांची माहेरची नावं, पार मागं. तवाच घ्यायची, एरवी न्हाई."

"म्हणजे माझ्या आईचं नाव..."

"हाय की मला ठावं."

"मग सांगा की!"

"बी दिल्याबिगर कसं सांगू? खेळ हाय व्हय त्यो?"

तिला एक मुलगी झाली होती, लहानपणीच गेली. तीन मुलगे. दर वर्षी पेरते, दर वर्षी राखेत ठेवते, द्यायला कुणी नाही. अव्वाच्या बाजूला मी, तिच्या आईच्या बाजूला ती. मी मुलगा म्हणून वेल माझ्यापाशी थांबला, ती बाई असून तिच्यापाशीही थांबला.

मी म्हणालो, माझी सून आहे. तिनं नाही म्हणून मान हलवली. "तिला तिच्या आयचं आसंल." मग नात? मंगल? गौराक्का विचारात पडली. "ती तुझ्या सुनंची लेक. तिच्या आयच्या येलाची. आमचं बी तिच्या ओटीत घातलं तर तिच्या आयनं काय करायचं?" मग म्हणाली, "संक्रांतीला आण दोघींस्नी. बघू. कबूल न्हाई करत."

११ डिसेंबर

परसात गेलो. मागच्या कुंपणावर घोसाळ्याचा वेल आहे. सुनंदा घरात आल्यापासून आहे. भजी खातो दर वर्षी.

विचारलं, "हे बी कुठलं गं?"

"आईचं," ती म्हणाली. "लग्नात आणलेलं. का?"

काही नाही म्हणालो. आत येऊन बसलो. माझ्या घरात, माझ्या नाकासमोर, एवढी वर्षं. आणि मी मिरजेपर्यंत शोधायला गेलो.

आता भीती अशी की तिला विचारायचं कसं. तिच्या मुलीच्या ओटीत माझ्या आईचं बी घाल म्हणणं म्हणजे तिच्या आईला बाजूला सार म्हणणं. तिनं नाही म्हटलं तर बरोबरच आहे. मग नाव गेलं.

नाही विचारलं. उद्या.

१७ डिसेंबर

विचारलं. भाकरी थापत होती. सगळं सांगितलं, पंचा पसरल्याचं सोडून. (मंगलला ते कुणीतरी सांगणारच पुढं.) शेवटी म्हणालो, तुझ्या मनाला येत नसेल तर राहू दे, मी म्हातारा माणूस, मला काय...

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. म्हणाली, "मामंजी, ओटी काय एकाच बियाची असती का?"

एवढंच. भाकरी उलटली.

मी बाहेर येऊन ओट्यावर बसलो. मी आठवडा घालवला तिथं तिला भाकरी फुगायच्या आत सुचलं. हिला या घरात आणली तेव्हा मीच कुरकुर केली होती, मुलगी सावळी आहे म्हणून. देवा.

१४ जानेवारी १९७५, माळेवाडी

संक्रांत. तिघं आलो. एस.टी.त गर्दी, माझी टोपी कुणाच्या तरी कोपरानं पडली, मंगलनं काढून दिली. मंगल सतरा वर्षांची, मॅट्रिकला. वाटेत विचारत होती, "आबा, नावं किती आहेत? पाठ करायला लागतील?" मी म्हणालो, देतील का तेच ठाऊक नाही.

गौराक्कानं दोघींना बसवलं, तिळगूळ दिला. सुनंदाकडं बघून म्हणाली, "तुझी काय हरकत?"

सुनंदा म्हणाली, "माझं घोसाळं मी देणारच हाय, अक्का. तुमचा पावटा त्याच्या शेजारी चढंल. कुंपण लांब हाय आमचं."

गौराक्कानं तिच्या हातावर आणखी एक तिळगूळ ठेवला. मग मला म्हणाली, "दादा, सून चांगली गावली तुला. तुझ्या अकलंनं न्हवं, नशिबानं."

मडकं काढलं. शेणानं लिंपलेलं तोंड फोडलं. राखेत हात घातला आणि मूठ भरून वर आली. राख उडाली. तांबूस दाणे, पांढरी किनार. मंगलनं पदर पसरला. साडी तिला नवीन, सुनंदानं मागून धरून ठेवली.

गौराक्का नावं घ्यायला लागली. अमकीची तमकी, तमकीची अमकी. आवाज एकदम वेगळा. ओरडणारी बाई नव्हतीच ती. सुना दारात उभ्या राहिल्या, धाकटीनं पोराच्या तोंडावर हात ठेवला. एका जागी थांबली. म्हणाली, "हिच्या दोन लेकी." पहिली तिची आई. मग माझ्याकडं वळली, आणि दुसरीचं नाव घेतलं. परत एकदा घेतलं, सावकाश, मला ऐकू यावं म्हणून. माझ्या डाव्या कानानं ऐकू येत नाही हे तिला माहीत नव्हतं, पण उजव्या बाजूलाच बसली होती.

मग पुढं, आणि शेवटी: गौराची मंगल. मूठ सोडली.

मी त्या रांगेत कुठं नाही. माझ्यावरून उडी मारून गेली. वाईट वाटेल वाटलं होतं. नाही वाटलं.

मी खिशातून पेन्सिल काढली. गौराक्कानं हात धरला, पकड अजून घट्ट आहे तिची. "लिवायचं न्हाई. लिवलं की माणूस निर्धास्त हुतंय, म्हणायचं सोडतंय. पोरगी म्हणंल."

म्हणून इथं लिहीत नाही. ठकूकाकूचं लिहिलं, हे नाही. पण कळलं. मला कळलं.

१७ जानेवारी, सातारा

नाव आठवतंय. सकाळी उठल्या उठल्या पहिलं तेच बघितलं. दात घासताना एकदा, जेवताना एकदा. त्याच्या मागची नावं पुढं-मागं होतात. तिसरी आधी का चौथी?

मंगलला विचारलं. केस विंचरत होती. आरशात बघत सगळी म्हणून टाकली, एक न चुकता, आणि फणी दातात धरून रिबिन बांधली.

२ मार्च

सुनंदानं मंगलला आपल्या बाजूची नावं सांगायला घेतली. आई, आजी, पुढं अडली. त्यांच्यात नावं घ्यायची रीत नाही, नुसतं बी देतात. म्हणाली, "मे महिन्यात माहेरी गेले की आईला विचारते. ती नाही तर तिची मावशी आहे." डाळ निवडता निवडता बोलली. पण मला दिसलं, तिला लागलंय ते आत.

राखेचं मडकं चुलीमागं आहे. उंदीर लागेल म्हणून रोज बघतो. झाकण उघडू नका म्हणतात. उघडत नाही. हलवून आवाज ऐकतो.

२९ मे

सुनंदा कोरेगावहून आली. आणखी तीन नावं घेऊन आली. चौथीचं कुणालाच माहीत नाही. पिशवी ठेवली, पाय धुतले, आणि पहिली हाक मंगलला. मी खोलीत होतो. दार लावून घेतलं, ऐकायचं माझं नव्हतं.

मंगलला बघायला कराडचे लोक येणार आहेत म्हणे. मुलगा फौजेत. मला आधी काळजी पडते ती त्यांच्या घराला कुंपण आहे का, याची. सुनंदा हसली. म्हणाली, "नसलं तर घालू."

१२ जून

पावट्याचं आणि घोसाळ्याचं बी टोकलं. मी आळं केलं, सुनंदानं शेण घातलं, मंगलनं दाणे. निम्मे राखेत ठेवले. टोकताना ती काहीतरी पुटपुटत होती, मी विचारलं नाही. सगळे टोकू या म्हणालो होतो. सुनंदा म्हणाली, "मामंजी, सगळं बी कुणी मातीत घालतं का? गौराक्कांनी ऐकलं तर फाटकाची शिवी परत देतील."

१९ जून

आठवडा झाला. घोसाळं वर आलंय, दोन दोन पानं. पावटा नाही. बी जुनं होतं का? गौराक्का मागच्या साली ताजं ठेवलं होतं म्हणाली, पण ऐंशीच्या बाईचं... मुंग्या दिसल्या आळ्यात. हळद टाकली. टाकायला नको होती का?

मंगल शाळेचा दाखला घेऊन आली, चप्पल काढता काढता म्हणाली, "आबा, उकरून बघू नका."

उकरलं नाही. ती आत गेल्यावर आळ्याशी बसलो. गुडघा वाजला. कुंपणापलीकडं कुणी नाही ना बघितलं. आणि अव्वाला तिच्या नावानं हाक मारली, एकदाच, मातीच्या जवळ तोंड नेऊन.